एक प्यासिंजर जास्त

सुखदेवराव धोटे दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे येतात आणि एका फोटोतली माणसं मोजतात. फोटो दीडशे वर्षांहून जुना आहे. त्यातलं माणूस वाढायची शक्यता नाही आणि उतरून कुठे निघून जायचीही नाही. तरी मोजतात. आधी पुढून मागे, मग मागून पुढे. दोन्ही आकडे जुळले की खिशातून तिकिटं पंच करायचा एक जुना चिमटा काढतात, टेबलाच्या कडेवर दोनदा टकटक करतात आणि समाधानाने खुर्चीत टेकतात. मग मला म्हणतात, "बरोबर हाय जी मॅडम. जाऊ द्या."

कोणाला आणि कुठे जाऊ द्यायचं, असं मी सुरुवातीला विचारत असे. आता मीही मान हलवते आणि माझ्या कामाला लागते.

मी अमरावतीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या संग्रहाची खोली सांभाळते. या खोलीत पुस्तकं कमी आणि वस्तू जास्त. बहुतेक सगळ्या वऱ्हाडातल्या कापसाच्या तेजीच्या काळातल्या. तेव्हा तिकडे अमेरिकेत आपसात लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि इथल्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकाएकी असा भाव आला की लोकांना काय करू आणि काय नको असं होऊन गेलं. त्या दिवसांतला सरकी काढायचा लाकडी रेचा आमच्याकडे आहे, बैलांच्या शिंगांवर बसवायच्या पितळी शेंब्या आहेत, कुठल्याशा सवारीच्या दमणीच्या बैलांची घुंगरमाळ आहे. तेजीत लोकांनी बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या, ही गोष्ट इथल्या प्रत्येकाने आजोबांकडून ऐकलेली असते, त्यामुळे आलेला प्रत्येक पाहुणा आधी त्या धावा कुठे आहेत म्हणून विचारतो. त्या आमच्याकडे नाहीत. असत्या तर विद्यापीठाने आमच्या खोलीला जरा बरं कुलूप दिलं असतं.

आणि फोटो आहेत. त्यातला सगळ्यात देखणा म्हणजे अमरावतीच्या कापूस बाजाराचा. जुन्या चहाच्या रंगाचा झालाय, पण माणसं स्वच्छ दिसतात. पगडीवाले दलाल, धोतरं नेसलेले शेतकरी, सोडलेल्या बंड्या, कापसाचे ढीग, आणि मधोमध टोपी घातलेला एक साहेब, जणू हे सगळं त्यानेच पेरलं होतं. फोटोच्या कार्डावर फार वर्षांपूर्वी कोणीतरी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलंय: कापूस बाजार, अमरावती. व्यक्ती सत्तावीस.

सगळी भानगड या सत्तावीसमुळे झाली.

सुखदेवराव आमच्याकडे पहिल्यांदा आले ते इतिहासाच्या ओढीने नव्हे, कूलरच्या. शेजाऱ्यांच्या मुलीच्या मार्कशीटवर नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करायला तिच्यासोबत अकोल्याहून आले होते. मे महिना होता. मुलगी परीक्षा विभागाच्या रांगेत उभी राहिली आणि हे गार वाऱ्याचा माग काढत काढत माझ्या खोलीत शिरले. उंच, किडकिडीत, मिशा पांढऱ्या, पांढराच सदरा, आणि खांद्याला एक चामड्याची जुनी पिशवी. दारातच थांबून त्यांनी खोलीवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. नंतर कळलं की ते माणसं मोजत होते. खोलीत मी एकटी होते, त्यामुळे लवकर आटपलं.

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. फोटो टेबलावरच होता, तोही समोर सरकवला. थोड्या वेळाने आवाज आला, "मॅडम, याच्यात एक प्यासिंजर जास्त हाय."

मी म्हटलं, "काय जास्त आहे?"

"प्यासिंजर. तुमच्या कारटावर सत्तावीस लिवलं हाय. मी दोनदा मोजले. अठ्ठावीस भरून राहिले."

मला हसू आलं, कारण त्या कार्डावर आजवर तीन प्राध्यापकांनी आणि एका पीएच. डी.च्या विद्यार्थिनीने विश्वास ठेवला होता, आणि सत्तावीस हा आकडा आता एका प्रबंधातही गेला होता. मी म्हटलं, "काका, सावली मोजली असेल." त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही. जन्मभर एस.टी.त कंडक्टर होता तो माणूस. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, परतवाडा, चिखलदऱ्याचा घाट, सगळं उभ्याने काढलेलं. बाजाराच्या दिवशी बोकड, कोंबड्या, मेथीच्या जुड्या आणि माणसं एकाच गाडीत भरून त्यातली माणसं तेवढी वेगळी मोजणाऱ्याला मी सावली मोजल्याचं सांगत होते.

मुलीची मार्कशीट त्या दिवशी दुरुस्त झाली. सुखदेवराव मात्र शुक्रवारी पुन्हा आले.

मोजण्याची सवय त्यांना नोकरीने लावली आणि निवृत्तीने ती मोकाट सोडली. लग्नाला गेले की पंगत मोजतात आणि वाढप्याला परस्पर सांगतात, "तिकडच्या कोपऱ्यात दोघं राहून राहिले." लिफ्टमध्ये शिरले की मागे सरकायला सांगतात. अकोल्याहून येताना गाडीतली माणसं मोजतात आणि आकडा चालू कंडक्टरच्या कानात सांगतात. कंडक्टर तरुण पोरगा असतो, त्याच्याकडे मशीन असतं, त्याला या आकड्याचं काय करावं ते समजत नाही. एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. पानं मांडली होती पाच, बसलो होतो चौघं. सुखदेवरावांनी घास हातातच धरला. "मॅडम, एक मानूस कमी हाय." माझा नवरा आत पापड भाजत होता. तो बाहेर आल्याशिवाय त्यांनी घास तोंडात घातला नाही. आपल्याच घरात आपल्याला कोणीतरी मोजतं, याचं माझ्या नवऱ्याला इतकं अप्रूप वाटलं की तेव्हापासून तो मंगळवारी डब्यात त्यांच्यासाठी जास्तीची पोळी देतो.

फोटोतल्या माणसांना त्यांनी हळूहळू जागा वाटून दिल्या. टोपीवाला साहेब ड्रायव्हरच्या मागच्या शिटावर. ढिगावर चढून बसलेले दोघं टपावर. उजव्या कडेला तोंड वळवून उभा असलेला एक म्हातारा, तो खिडकीवाला. "याले गाडी लागते," असं त्यांचं निदान. समोर दोघं जण एका रुमालाखाली हात घालून उभे आहेत. हे लपून तंबाखूची देवाणघेवाण करताहेत असं ते पुष्कळ दिवस धरून बसले होते. मग मी सांगितलं, की पूर्वी कापसाचा भाव असाच ठरायचा, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून, म्हणजे बाकीच्यांना कळू नये. ते चमकले. पुढल्या मंगळवारी आल्या आल्या त्यांनी आधी त्या दोघांकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "अजून सौदा होऊन नाई राहिला, मॅडम. दोघंई जिद्दी दिसतेत."

आता त्या अठ्ठाविसाव्याबद्दल. फोटोच्या अगदी डाव्या कडेला एक धुरकट पट्टा आहे. बघणाऱ्याला वाटावं, फोटोवर कधीतरी पाणी सांडलं असेल. पण भिंग लावलं की त्या धुराच्या खाली, मातीत, एक पाऊल दिसतं. अनवाणी, बाईचं, घोट्यावर तोरडी. बोटं मोजता येतील इतकं स्वच्छ. पावलाच्या वर मात्र काही नाही. लुगड्याचा काठ असावा असा एक फराटा, डोक्यावर टोपलं असेल तर असेल, बाकी नुसता धूर.

मी त्यांना समजावून सांगितलं. त्या काळी फोटो काढायला वेळ लागायचा, तितका वेळ माणसाने अगदी दगड होऊन उभं राहायचं. जो हलला तो पुसला गेला. ही बाई चालत होती. एक पाऊल टेकलेलं होतं तेवढं उमटलं, बाकीची निघून गेली. उजवीकडचा तो बैल पाहा, त्याने मान हलवली, त्याला मुंडकंच नाही.

सुखदेवरावांनी आधी बैल पाहिला, पुन्हा पाऊल पाहिलं. मग चिमटा हातात फिरवत म्हणाले, "मंजे जो काम करून राहिला थो गायब. अन् जो मिशीले पीळ देत बसला, थो फोटोत."

"तसंच काहीसं."

"हे बरोबर नाई जी," ते म्हणाले, आणि हे त्यांनी अशा स्वरात म्हटलं की जणू फोटो मीच काढला होता.

त्या दिवसापासून त्यांनी हललेल्या माणसांचा पक्ष घेतला. संग्रहातले सगळे फोटो मागून घेतले आणि धुरात माणसं शोधायला सुरुवात केली. पुष्कळदा चुकत. एका फोटोत त्यांना धावणारं पोरगं सापडलं, ते झुरळाने खाल्लेलं भोक निघालं. दुसऱ्यात एक आख्खं कुटुंब सापडलं, तो झाडाचा शेंडा होता. पण त्या तोरडीवालीबद्दल ते कधी डगमगले नाहीत. "पाय हाय मंजे मानूस हाय," हा त्यांचा सिद्धांत. यापुढे वाद नाही.

वाद झाला तो साहेबांशी. आमचे ग्रंथपाल साहेब मूळचे पुण्याचे. माणूस भला, वाचन अफाट, पण इथे इतकी वर्षं राहूनही कोणी "का"ऐवजी "काहून" म्हटलं की त्यांना वाटतं हा भांडायला आलाय. विद्यापीठाच्या वर्धापनदिनाला जुन्या संग्रहाचं प्रदर्शन भरवायचं त्यांनी ठरवलं आणि कापूस बाजाराचा फोटो चांगला भिंतभर मोठा करून लावायचं नक्की केलं. मला आनंद झाला. मग त्यांनी फोटोची झेरॉक्स मागवली, पट्टी ठेवली आणि डाव्या बाजूला पेन्सिलीने एक उभी रेघ मारली. प्रदर्शनाच्या दालनातली भिंत दोन खांबांमध्ये तेवढीच होती. "हा भाग तसाही खराब आहे," ते म्हणाले. "एवढा काढला की छान बसेल."

रेघ पावलाच्या उजवीकडून गेली होती.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मी त्याहून जास्त घाबरले, कारण दुसरा दिवस मंगळवार होता. सुखदेवरावांनी झेरॉक्स पाहिली, रेघ पाहिली आणि खुर्चीत बसलेच नाहीत. त्या दिवशी त्यांनी मोजलंही नाही. सरळ साहेबांच्या केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले, एक हात चौकटीवर. गाडीच्या दारात उभं राहायची त्यांची तीच पद्धत असावी, कारण त्यांच्या बाजूने आत किंवा बाहेर जायला कोणालाच वाट राहिली नाही.

"साहेब, त्या बाईले काहून उतरवून राहिले?"

साहेबांनी चष्मा काढला. "कोणत्या बाईला?"

"डाव्या बाजूची. तोरडीवाली."

"अहो, तिथे बाई नाही. तिथे फक्त एक पाय आहे. एका पायाला आपण व्यक्ती म्हणू शकत नाही."

"मंग काय म्हणता? पायपुसनं?"

साहेब मुळात शांत माणूस. त्यांनी जागेची अडचण सांगितली, खर्च सांगितला, प्रेक्षकांना स्वच्छ चित्र लागतं हे सांगितलं. सुखदेवरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पन तिनं काय बिघडवलं?" साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. उत्तर नसलं की साहेब म्हणतात, "बघू." आम्हा सगळ्यांना माहीत आहे की त्यांच्या "बघू"चा अर्थ नाही असा होतो. सुखदेवरावांना ते माहीत नव्हतं, पण कळलं. त्या दिवशी नवऱ्याने दिलेली पोळी त्यांनी तशीच परत केली. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की हा माणूस गंमत करत नाहीये.

शुक्रवारी ते एकटे आले नाहीत. सोबत अकोला आणि अकोटचे चार निवृत्त कंडक्टर होते. चौघांच्याही खिशात चिमटे. "हे तटस्थ हायेत," अशी त्यांनी साहेबांना ओळख करून दिली. "यायले मोजू द्या. अठ्ठावीस नाई भरले तर मी पुन्हा येत नाई."

मी भिंग पुसून टेबलावर ठेवलं. चार म्हातारे टेबलाभोवती बसले. भिंग या हातातून त्या हातात फिरलं. सगळ्यांनी आपापल्या पद्धतीने मोजलं, कोणी ओठ हलवत, कोणी बोटाने हवेत टिंबं देत. पहिल्याचा आकडा आला एकोणतीस. दुसऱ्याचा सव्वीस, कारण धुरातलं पाऊल त्याला दिसलं नव्हतं, शिवाय टोपीवाल्या साहेबाला त्याने स्टाफ धरलं होतं आणि स्टाफ मोजत नसतात. तिसऱ्याने बैलही धरले. चौथा म्हणाला, ते टपावरचे दोघं त्याच्या गाडीत असते तर त्याने आधी खाली उतरवले असते, म्हणून तो त्यांना मोजायला तयार नाही. मग चौघांत वाद लागला. आमच्या खोलीत "शांतता राखा" अशी पाटी आहे, तिच्या खाली चार कंडक्टर एकमेकांना नियम सांगत होते. सुखदेवराव मध्ये उभे. चेहरा उतरलेला. आपलीच माणसं आपल्याला बुडवताहेत हे बघण्यासारखं दुःख नाही.

पण साहेब खुर्ची ओढून बसले होते. आधी ते हसू दाबत होते. मग त्यांनी भिंग मागून घेतलं आणि, माझ्या देखत, स्वतः मोजायला लागले. डाव्या कडेपर्यंत गेले आणि तिथे थांबले. पुष्कळ वेळ थांबले. त्यांनी त्या पावलाकडे आजवर एकदाही भिंगातून पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

"तोरडी आहे," ते म्हणाले.

"हाय ना जी," सुखदेवराव म्हणाले.

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. "सुखदेवराव, मला पटलं असं समजा. पण भिंत कुठून आणू? मधल्या भिंतीवर जागाच नाही."

हे ऐकल्यावर सुखदेवरावांच्या अंगात जी वीज आली, ती मी कधी पाहिली नव्हती. जागा नाही, हे वाक्य त्यांना कोणी म्हणायचं नसतं. "कोन म्हनते जागा नाई? चला, दाखवा." सगळी वरात दालनात गेली. त्यांनी भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली, बाजाराच्या दिवशी भरलेली गाडी पाहावी तशी. खांबाच्या पलीकडे लगेच एक नियमांचा फलक होता. "हे काय हाय? कोनी वाचते काय? सरकवा." त्याच्यापुढे एक बंद पडलेलं घड्याळ होतं. "हे तं कवाचंच उतरलं." मग खांब चुकवून फोटो कोपऱ्यावरून वळवायचा, म्हणजे तो दोन्ही भिंतींवर बसेल, असं त्यांनी हातवारे करून दाखवलं. कोपऱ्याच्या पलीकडे फक्त एक चौकट उरली. त्यात आमच्या साहेबांचा फोटो होता, कुठल्याशा मोठ्या पाहुण्यांकडून शाल घेतानाचा.

चौघं कंडक्टर छताकडे पाहायला लागले. सुखदेवरावांनी चौकट जपून उतरवली, सदऱ्याच्या बाहीने काच पुसली आणि साहेबांना विचारलं, "पान्याच्या नळाजवळ लावू काय? तिथं जास्त लोक उभे राहतेत."

साहेबांनी विचार केला. ते म्हणणं खरं होतं. मेच्या उन्हात अख्खं विद्यापीठ त्या नळावर येतं. "लावा," ते म्हणाले. आज त्यांचा तो फोटो नळाजवळ आहे आणि अनेक विद्यार्थ्यांना आपले ग्रंथपाल कसे दिसतात ते पहिल्यांदाच समजलंय. साहेब खूश आहेत.

वर्धापनदिनाला दालन खच्चून भरलं. फोटो कोपरा वळून दोन भिंतींवर बसला होता, रेघभरही न कापता. इतका मोठा झाल्यावर ते पाऊल हाताच्या पंज्याएवढं झालं होतं, आणि ते आता कोणाला दाखवावं लागत नव्हतं. लोक आपणहून थांबत होते. सुखदेवराव कडेला उभे राहून गर्दी हलवत होते. "पुढे चला, पुढे चला. मधात जागा हाय." कार्डावर साहेबांनी स्वतःच्या हाताने सत्तावीसवर काट मारून अठ्ठावीस लिहिलं होतं. एका शाळेच्या मुलीने सुखदेवरावांना विचारलं, "आजोबा, हा धूर कशाचा?" ते म्हणाले, "धूर नाई बेटा. बाई कामावर चालली." मुलीला ते पटलं, ती पुढे गेली.

मग साहेबांनी माइकवरून चहा आणि आलुबोंड्यांची घोषणा केली आणि दालन बघता बघता रिकामं झालं. आम्ही दोघंच उरलो. मी खुर्च्या सरळ करत होते. ते त्या कोपऱ्यात बाकावर टेकले होते, आणि मी इतक्या दिवसांत न विचारलेलं विचारून टाकलं. "काका, एका पायासाठी एवढं कशाला केलंत?"

त्यांनी खिशातून चिमटा काढला. मग म्हणाले, "माय, घरच्या मानसाले कंडक्टर मोजत नसते."

आणि त्यांनी सांगितलं. लग्नाला थोडेच दिवस झाले होते. तेव्हा बिऱ्हाड अमरावतीला होतं; बायको माहेरी अकोटला गेली होती, तिला आणायचं होतं आणि रजा मिळत नव्हती. म्हणून ड्यूटी अमरावतीच्या गाडीवर मागून घेतली आणि तिला त्याच गाडीत बसवली. घरच्या पासावर, म्हणजे तिकीट फाडायचं कारण नव्हतं. नव्या नवरीपुढे जरा रुबाब करावा म्हणून त्या दिवशी टोपीसुद्धा घातली होती. दर्यापूरला गाडी थांबली. लोक चहापाण्याला उतरले, पुन्हा चढले. यांनी फाडलेली तिकिटं पाहिली, डोकी मोजली, आकडा अगदी बरोबर आला आणि दोनदा बेल दिली.

"तिकिटं जुळली, डोकी जुळली," ते म्हणाले. "आता सांग, ती गाडीत असती तर एक डोकं जास्त आलं असतं. जुळलं, थेच चुकलं होतं. पन मले कोन सांगन? मी तं खूश. डबल बेल."

अमरावतीला गाडी रिकामी झाली तेव्हा मागच्या शिटावर एक गाठोडं राहिलं होतं. सासूने दिलेले शेंगदाण्याचे लाडू त्यात होते. पुढच्या गाडीने सुखदेवराव उलटे दर्यापूरला गेले, साधे प्यासिंजर म्हणून, आणि वाटभर काय बोलावं ते जुळवत गेले. कापसाचे दिवस होते, स्टँडबाहेर बंड्यांची रांग लागली होती. ती एका कापसाच्या गाठीवर बसली होती. पाणी प्यायला उतरली होती तेवढंच. रडत नव्हती. चहाच्या टपरीवालीशी तिची ओळखही झाली होती.

"मले वाटलं, आता बोलन. शिव्या देन. नाई. फक्त इचारलं, 'मले मोजलं नोतं का?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, तू तं घरची. घरच्याले कोन मोजते? तर हसाले लागली. जन्मभर हसली. सगळ्या लग्नांत, बारशांत सांगे, अन् लोकं हसत, मीई हसो. पन सांगून झालं की एकदा मायाकडे पाहे." त्यांनी फोटोतल्या पावलाकडे पाहिलं. "मंग मी कधी मोजल्याबिगर बेल दिली नाई. ड्रायव्हरले मोजलं. सोताले मोजलं. घरी रात्री झोपताना मोजो. ती म्हने, दोघंच तं हावो, काय मोजता. ती गेली त्याच वर्षी त्या पोरीच्या मार्कशीटसाठी इथं आलो मी. मुलगा पुन्याले असते. घरी आता मोजाले एकटा मीच हावो, अन् एकाले काय मोजावं?"

त्या क्षणी माझा त्यांच्यावर फार जीव जडला, आणि त्यांच्या बायकोवरही, जिला मी कधी पाहिलं नाही. बाहेर साहेब कोणाला तरी आलुबोंड्याबरोबर चटणी घ्यायचा आग्रह करत होते.

सुखदेवराव उठले. फोटोच्या डाव्या टोकाशी गेले आणि गुडघ्यावर हात ठेवून त्या पावलाजवळ वाकले. चिमटा त्यांच्या हातात होता, पण त्यांनी तो वाजवला नाही.

"चढ, बाई," ते हळूच म्हणाले. "घाई नाई. मी थांबलो हावो."